नियम आलाय म्हणून

१७ फेब्रु. १९९५
प्रा. आरोग्य केंद्रात मासिक मीटिंग. कुटुंब कल्याणाच्या ऑपरेशनच्या केसेस कमी असलेल्यांना उभं केलं. मी आणि खालच्या गावची कदमबाई. डॉ. आवाज चढवून बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. मार्चअखेर टार्गेट झालं नाही तर पगारवाढ रोखू, बदली दुष्काळी जत भागात. त्यांनाही वर कुणीतरी असंच उभं करत असणार. शिपाई चहा घेऊन आला तरी आम्ही उभ्याच. माझ्यापुढे कप ठेवावा की नको, त्याला कळेना. शेवटी खिडकीत ठेवून गेला. प्यायले नाही.

घरी ह्यांना सांगितलं. हे एस.टी.त कंडक्टर, सांगली डेपो. म्हणाले, आम्हालाही उत्पन्न कमी आलं की साहेब झापतात, मनावर घ्यायचं नाही. पण ह्यांची तिकिटं आणि माझी कामं एक आहेत का.

२० फेब्रु.
वस्तीवर फिरले. तीन घरी नकार. मग संगीताकडे. ही माझ्या माहेरची म्हणायची, आमच्या कोरेगावच्या पलीकडचं गाव. गावात सगळे मला नर्सबाई म्हणतात, ही एकटी ताई म्हणते. थोरली रूपाली, धाकटा सागर अजून रांगतो. दोनच पुरेत असं तिचंही मत. पण म्हणाली, "ताई, बाळ जरा मोठं हुंदे. येक वरीस जाऊंदे. तवर तांबी बसवा." रास्त बोलली. सागरची छाती भरते अधूनमधून, मला माहीत आहे. तांबी बसवायला हरकत नाही.
पण तांबी ऑपरेशनच्या टार्गेटात धरत नाहीत.

२४ फेब्रु.
आज जे झालं ते लिहावं का नको.

संगीता उपकेंद्रात आली होती, सागरला खोकला होता म्हणून. औषध दिलं. कुणी नव्हतं. मी विषय काढला. तिचं तेच, एक वर्ष. त्यांचं घरकुल मंजुरीला गेलेलं मला ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं, "दोनावर ऑपरेशन नसेल तर घरकुल मिळणार नाही, असा नियम आलाय."

असा नियम नाही. निदान मी तरी कुठं वाचलेला नाही.

ती जरा वेळ बाळाच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "कायदाच हाय म्हणल्यावर काय. मी घरात सांगते." सासू तयार होणार नाही म्हणाली, तरी समजावते म्हणाली. जाताना औषध कसं द्यायचं ते पुन्हा विचारून घेतलं.
नियम आलाय. किती सहज म्हटलं मी.

३ मार्च
काल शिबिर. बिनटाक्याचं. शाळेच्या खोलीत बायका ओळीनं चटयांवर. संगीताचं व्यवस्थित झालं. शुद्धीवर येताना माझा हात धरून ठेवला होता. तिचा नवरा बाजीराव बाहेर झाडाखाली सागरला घेऊन. सासू आली नाही.
आणखी दोघी मिळाल्या. त्यांना काही खोटं सांगावं लागलं नाही. त्या दोघींपैकी एकीनं जाताना मला बोटं मोडून दृष्ट काढली. पाच बाळंतपणं झालेली बाई. म्हणाली, सुटले. हेही खरंच आहे.

३१ मार्च
टार्गेट पूर्ण. डॉ.नी मीटिंगमध्ये नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसायला पुढची खुर्ची.

१८ जून
संगीताच्या घरकुलाच्या पायाचा नारळ. मला मुद्दाम बोलावणं. बाजीराव चार माणसांत म्हणाला, बाईंच्यामुळं घर मिळालं. संगीतानं माझी ओटी भरली. मी नको नको म्हणत होते तर सगळ्यांना वाटलं मी लाजते.
घरी येऊन ब्लाऊजपीस ट्रंकेत तळाला घातला.

११ ऑगस्ट
सागर गेला.
ताप, खोकला, तीन दिवस. मी ताकारीला लसीकरणाच्या कामाला गेलेली, उपकेंद्राला कुलूप. गावातल्या डॉक्टरानं इंजेक्शन दिलं. मिरजेला न्यायचं ठरेपर्यंत. गाडी मिळेपर्यंत. वाटेतच.
मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा सगळं झालेलं. संगीताजवळ बसले. ती रडत नव्हती. रूपालीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि तेच मला बरं वाटलं.

१४ ऑगस्ट
हे म्हणतात, मूल गेलं ते तापानं, ऑपरेशननं नाही. उगाच दोन्ही जोडू नकोस. बरोबर आहे. पण मूल जाणं माझ्या हातात नव्हतं, दुसरं होऊ न देणं माझ्या हातात होतं. संगीताशी खोटं बोलले ते ह्यांना सांगितलं नाही. अजून नाही.

५ नोव्हें.
दिवाळी झाली तरी त्यांच्या दारात पणती नव्हती. आज गेले. सासू जात्याशेजारी बसलेली. मी मावशी म्हणते तिला. पहिल्यांदाच माझ्याशी मोकळं बोलली. म्हणजे काय, सगळं बाहेर काढलं. बाजीरावाला दुसरी करायची म्हणते. मुलगी बघून ठेवलीय, पलूसकडची.

मी म्हटलं, मावशी, पहिली असताना दुसरी करता येत नाही, कायदा आहे, तुरुंगात जाईल तो.
"कायदं तुमीच सांगायचं आन् आमी ऐकायचं," ती म्हणाली. मग सुनेकडे हात करून, "हिनं बी सांगितला हुता येक. ऑपरेशन न्हाई तर घरकुल न्हाई. त्या तातोबाला चार पोरं, त्याची बायकू कवा शिबिरात गेली? त्याला बी मिळालं की घरकुल. मग नियम कुटला? हिलाच नको हुती पोरं. हिनंच रचून सांगितलं."

संगीता चुलीपाशी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सांगेल. तिनं परत चुलीत लाकूड सारलं.
मी काय केलं? मी म्हटलं, उशीर झाला, निघते.

६ नोव्हें.
कामावर गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. डोकं दुखत नव्हतं.
तिनं नाव का घेतलं नसेल माझं. एका शब्दाचं काम होतं.

२१ जाने. १९९६
मिरजेला गेले, सुट्टी टाकून. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांना भेटले. नळ्या परत जोडता येतात का. म्हणाल्या, बिनटाक्याचं असेल तर रिंग टाकलेली असते, नळी फार गेलेली नसते, शक्यता बरी. पण खात्री कुणी देत नाही. सरकारी योजनेत मूल दगावलेल्यांना मोफत करतो. विचारलं, तुमची कोण. मी म्हटलं, माहेरची.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. शेजारी एक बाई तंबोरा घेऊन बसलेली, गवसणीत गुंडाळून, मांडीवर झोपलेल्या पोरासारखा. उठून दुसऱ्या बाकावर बसले.

२८ जाने.
संगीताला सांगितलं, बाजीरावासमोरच. तो लगेच तयार. सासू म्हणाली, येकदा चिरलेलं परत चिरायचं, हिच्यात काय ऱ्हाईल मग. पलूसचं थोडं थांबवू म्हणाली, तेवढंच. सुगी झाल्यावर जाऊ असं ठरलं. मग पाऊस येईल, मग आणखी काही निघेल. बघू.

१२ एप्रिल
मीटिंग. वरून आदेश. १ तारखेपासून टार्गेट बंद, देशभर. आता गावाची गरज बघून आम्हीच काम ठरवायचं, कुणावर दबाव नाही, बाईला हवं ते साधन. डॉ. वाचून दाखवत होते. शेजारची एक नर्स हळूच म्हणाली, "मग इतकी वर्षं काय केलं आपण?" सगळ्या हसल्या. मीही.
बंद करता येत होतं तर. एका कागदानं. आकाश कोसळलं नाही. डॉ.नी चहा मागवला आणि सगळ्या बसलेल्या होत्या.

२६ जून
सांगलीला दोन दिवस ट्रेनिंग. पुण्याहून आलेल्या मॅडम तरुण, हुशार. गट पाडले. जुन्या पद्धतीचे फायदे-तोटे, नव्या पद्धतीचे फायदे-तोटे, मोठ्या कागदावर लिहा. आमच्या गटानं पटापट लिहिलं. जुनी वाईट, दबाव होता. नवी चांगली, मान आहे. मॅडम खूश. काल ज्या साहेबांच्या भीतीनं रात्रंदिवस फिरत होतो तेच साहेब आज मान डोलवत होते.

मला उठून बोलावंसं वाटलं, बोलता आलं नाही. इथं लिहिते.
माझी आई. कोरेगावात आठ बाळंतपणं, अंग बाहेर यायचं, फडकं बांधून भांगलायला जायची. तिच्या दारात कधी कुणी नर्स आली नाही. आली असती, आणि टार्गेटसाठी का होईना बसून राहिली असती, तर आई वाचती. मी ह्या नोकरीत आले ती त्यासाठी. टार्गेट नसतं तर मी तरी धनगरवाड्याचा चढ चढले असते का? खरं सांगायचं तर दर महिन्याला नाही. धाक होता म्हणून सरकार दारापर्यंत पोचत होतं. आणि धाक होता म्हणूनच मी संगीताला ते बोलले. दोन्ही एकाच धाकानं केलं. कागदाच्या कुठल्या बाजूला लिहू.
पण कदमबाईवरही तोच धाक होता. तिचं टार्गेट झालं नाही, ती तेव्हाच जत भागात गेली, बदली घेऊन. खोटं बोलली नाही. म्हणजे सगळं पद्धतीवर ढकलता येत नाही मला.

१९ ऑगस्ट
मालन. धनगरवाड्याची. पाचवी खेप, घरीच बाळंत, वार अडकली, रक्त थांबेना. जीप मिळवून मिरजेला नेली, मी मागे तिचं पोट दाबून बसलेली. ह्यांनी आणि त्यांच्या डेपोतल्या दोघांनी रक्त दिलं. वाचली. मूल नाही.

२४ ऑगस्ट
मालनला बघायला गेले. पांढरीफटक. विचारलं, चौथ्यानंतर का नाही थांबलीस. ती म्हणाली, "तुमी आलाच न्हाईसा की. मागं दर म्हैन्याला यायचा, तवा सासरा न्हाई म्हणायचा. गेल्या दिवाळीला त्यो व्हय म्हणाला, तर तुमी न्हाई. मला का न्हाई इचारलं?"

काय सांगू. सागर गेल्यापासूनच चढ टाळत होते, टार्गेट गेल्यावर तर चढलेच नाही. आणि दुसरं. संगीतानंतर कुणाला ऑपरेशनचं म्हणायलाच जीभ रेटत नव्हती. मला वाटत होतं ही माझी सुधारणा. कुणावर दबाव नको, म्हणून कुणाला विचारायचंच नाही. आधी खोटं बोलले, मग गप्प बसले. दोन्ही वेळा भोगणारी बाई वेगळी, मी तीच.

८ सप्टें.
ह्यांना सगळं सांगितलं, घरकुलाचं. जेवता जेवता हात थांबला ह्यांचा. मग म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नोकरी जाईल, पोरीचं दहावीचं वर्ष. थोड्या वेळानं परत म्हणाले, पण तिला तरी सांगितलंस का? मी म्हटलं, तिला माहीतच आहे की मी बोलले ते. हे म्हणाले, तू बोललीस हे माहीत आहे. खोटं होतं हे माहीत आहे का?

१५ सप्टें.
संगीता ओढ्यावर धुणं धूत होती. सांगितलं. नियम नव्हता. मी बनवला.
धुणं पिळत राहिली. म्हणाली, तातोबाचं घर झालं तवाच कळलं. विचारलं, मग त्या दिवशी चुलीपाशी माझं नाव का नाही घेतलंस. म्हणाली, "हितं माझ्या माहेरचं तुमी येकट्याच. तुमचं बी नाव घालवून बसले असते तर मग कुणाकडं बघू? मला वाटलं तुमीच सांगशीला."
मला वाटलं तुम्हीच सांगाल. दहा महिने ती वाट बघत होती.
मग पिळा बादलीत टाकून म्हणाली, "घरात सांगा. माझ्या सासूला. मला रोज ऐकावं लागतंय." विनंती नव्हती. ताईही म्हणाली नाही.

२९ सप्टें.
दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि लसीच्या डब्याचं निमित्त करून परत आले. डबा रिकामा होता.

६ ऑक्टो.
सांगितलं. मावशी, बाजीराव, संगीता, तिघं होती. उभ्यानंच सांगितलं, बसा म्हणाले तरी. नियम मी बनवला, संगीतानं फक्त निरोप आणला, तिला एक वर्ष थांबायचं होतं.
मावशी तूर निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "म्हंजी वरीसभर मी सुनंला..." सूप बाजूला ठेवून आत गेली.
बाजीराव शांत माणूस. पायात चप्पल घालत म्हणाला, "बाई, तुमी सरकारी माणूस. गावात कागूद कोण वाचतंय? तुमी बोलता त्योच आमचा कायदा. मी अर्ज करणार जिल्हा परिषदेत." मी म्हटलं, करा. मग तो म्हणाला, "करणारच. पण आदी मिरजेचं बघू. तितं तुमी यायचं संगं."
पलूसचं काय, ते मी विचारलं नाही. संगीता उंबऱ्यात उभी होती. निघताना तिनं मला पाणी दिलं नाही, आणि कुंकूही लावलं नाही.

१४ नोव्हें.
मिरज. परवा संगीताचं ऑपरेशन झालं. बाई डॉक्टर म्हणाल्या, उजवी चांगली जुळली, डावीचं सांगता येत नाही. आता वाट बघायची. मावशी आली होती. सुनेच्या पायाशी बसून तळपाय चोळत होती. बाजीरावानं मला बाहेर चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला त्यानं. मला आधी सांगून टाकला. त्याचा राग करावा असं काही त्यात नव्हतं.

९ जाने. १९९७
चौकशी. तालुक्याचे साहेब आले. डॉ.नी आधी बाजूला घेऊन सांगितलं, तोंडी बोललात ना, मग नाही म्हणा, साक्षीदार नाही, प्रकरण मिटेल. चांगल्या मनानं सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत मला त्यांचीही भीती दिसली. माझं टार्गेट पूर्ण झालं तेव्हा त्यांचंही झालं होतं.
साहेबांनी विचारलं, असं बोललात? मी हो म्हटलं. त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, कुणाच्या सांगण्यावरून? ह्याचं उत्तर मी खूप दिवस तयार केलं होतं. मीटिंग, उभं करणं, बदलीची धमकी, सगळं. सांगितलंही. पण ते वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं, हेही सांगितलं. तेवढं साहेबांनी लिहून घेतलं. आधीचं घेतलं की नाही, दिसलं नाही.

निर्णय वरून कळवू म्हणाले. ह्यांनी ऐकून घेतलं. मुलीला सांगू नको इतकंच म्हणाले.

२ मार्च
धनगरवाड्यावर जाते आता, आठवड्यातून एकदा. बसते, काय काय साधनं आहेत सांगते, विचारते. हो म्हटलं तरी पुढच्या खेपेला परत विचारते. मालनची जाऊ कंटाळून म्हणाली, कितीदा इचारता, येकदा सांगितलं की. दोघींनी नको म्हटलं. नको तर नको. उतरताना पाय दुखतात. डॉ. विचारतात, एवढ्या चढाचं निष्पन्न काय? नवीन पद्धतीत तसं विचारायचं नसतं, पण सवय.
चौकशीचं काही कळलेलं नाही.

२३ एप्रिल
सकाळी स्टँडवर. तालुक्याला रिपोर्ट द्यायला निघाले होते. बाजीराव, संगीता आणि रूपाली मिरजेच्या गाडीची वाट बघत होती. संगीतानं पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. चेहरा उतरलेला होता का जरा भरलेला, मला ठरवता येईना. गावातल्या कुठल्या बाईची पाळी कधी हे मला तोंडपाठ. हिची विचारलेली नाही. उपकेंद्रात ती आता येत नाही.
बाजीरावानं मान हलवली. मीही. रूपाली आली, माझ्या पिशवीत हात घालून काय आहे बघू लागली. संगीतानं तिला हाक मारली नाही, बोलावूनही घेतलं नाही. थोडा वेळ पोर तशीच माझ्यापाशी उभी राहिली.
कशाला चाललाय, एवढंच विचारायचं होतं. सहज, कुणीही कुणाला विचारतं तसं.
त्यांची गाडी आधी आली.